पाणी फिरायची वाट

पिंपरी,
ता. ९ जानेवारी १९५७

चि. दुर्गास,

सोनबादादाचे आशीर्वाद. तुमच्याकडे सगळे बरे असेल असे धरून चालतो. न धरून करू काय, दिवाळीपासून तुझे पत्र नाही.

आईला इथे आणून महिना होऊन गेला. प्रवासात तिला काही त्रास झाला नाही. कुंभार्ली घाटात उलटी झाली ती मला, ती खिडकीतून बाहेर बघत होती. यशवंताला कारखान्याने वसाहतीत दोन खोल्या दिल्या हे तुला ठाऊकच आहे. नळ घरात आहे. दिवा बटन दाबले की लागतो. पहिल्याच दिवशी मी आईला सांगून ठेवले की ओल्या हाताने बटनाला हात लावायचा नाही. तेव्हापासून ती कोरड्या हातानेही लावत नाही. सूनबाई सुमन येऊन दिवा लावीपर्यंत अंधारात तशीच बसून असते.

मला हेच लिहायचे आहे. ती बसून असते. मागच्या दारात बसते आणि मोरीतल्या नळाखाली बादली भरते ती बघते. सुमनने भाकरी वाढली की अर्धी खाते, अर्धी ताटात ठेवते. तक्रार म्हणून नाही. "आये, काय पायजे का?" म्हटले की "नाय बा, काय नको." डॉक्टरला दाखवले. तो म्हणाला छाती चांगली, नाडी चांगली. मग माझ्याकडे बघून माझीच नाडी धरली आणि गोळ्या मला दिल्या.

रोज सकाळी तोंड धुतले की ती एकच गोष्ट विचारते. "सोनबा, आज तिथी कंची?" मला वाटले, उपास चुकू नये म्हणून विचारत असेल. मी पंचांग विकत आणले. एकादशीला सुमनकडून रताळी उकडून घेतली. आईने रताळ्याकडे बघितले, माझ्याकडे बघितले आणि म्हणाली, "मी कवा एकादशी केली रं?" मग रोज तिथी कशाला विचारते? डोक्यात काही फरक तर पडला नसेल? या वयात सांगता येत नाही.

आणखी एक. शिमग्याला ती परत जाणार, घर उघडणार आणि तिथेच राहणार, असे तिने मला निक्षून सांगितले आहे. "देवीची पालखी दारात यायची नि दाराला कुलूप? मी अजून जिती हाय." भादव्यात खाडीच्या चिखलात तिचा पाय रुतला, भरती चढत होती, आणि तरीवाल्याने ओढून काढले नसते तर काय झाले असते ते मला लिहवत नाही. तुझ्या घरी ती राहायची नाही. लेकीकडे पाणी पिईल पण भात खाणार नाही, तिचा हा हट्ट तुला नवा नाही. तिथे एकटी सोडली तर खाडी नेईल. इथे ठेवली तर बसून बसून वाळून जाईल. मला काही सुचत नाही. तुला सुचत असेल तर लिही.

विहिरीवर पाणी काढताना फार वाकू नकोस.

सोनबा


कातळवाडी,
ता. १७ जानेवारी १९५७

ती. दादास दुर्गाचा नमस्कार.

पत्र माझी सून कुसुम लिहिते आहे. ती सातवी शिकली आहे, त्यामुळे तुझ्यासारख्या चुका होणार नाहीत.

तुझे पत्र ऐकून मी चुलीपुढे बसून हसले, आणि मग मला रडू आले. दादा, तू भोयाच्याच पोटी जन्मलास ना? पंधराव्या वर्षी गिरणीत गेलास, चाळीस वर्षे मुंबईचे नळाचे पाणी प्यालास, ते सगळे खरे. पण म्हणून इतके विसरावे? आई देवासाठी तिथी विचारत नाही. ती खाडीसाठी विचारते. पुनव-अवसेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे पाणी कमी चढते. तिथी कळली की पाणी किती चढणार आणि कधी फिरणार ते तिला कळते, आणि पाणी फिरले की मासा तोंड उघडतो. चतुर्थीला कधी निघायचे आणि दशमीला कधी, हे तिला आठवावे लागत नाही, ते तिच्या अंगात आहे. सबंध जन्म ती यावर जगली, आपल्या दोघांना यावर वाढवले. आणि तू तिला रताळे दिलेस.

तिला दुखणे नाही. गरवायला, म्हणजे गरीने मासे धरायला, पाणी नाही एवढेच दुखणे आहे. गरी टाकून बसली की दिवसभर उपाशी राहील, पण घरी येऊन दोन भाकऱ्या खाईल. तुमच्याकडे नदी आहे असे यशवंत सांगत होता. तिथे तिला ने. तिची दोरी आणि गरी तिच्याच घरात खुंटीला आहेत, त्या काढून पाठवते. आपल्या वाडीचा मारुतराव एस.टी.वर कंडक्टर आहे, तो पुण्याला येतो, त्याच्या हाती देते.

शिमग्याचे तिने मलाही सांगितले होते. तोवर तिचे मन तिथे रमले तर बरे. नाही रमले तर मी येते आणि तिला घेऊन जाते. मग पुढचे देवाच्या हाती, आणि तरीवाल्याच्या.

दुर्गा

(मामा, चुकांचे सासूबाईंनी सांगितले तसे लिहिले. राग मानू नये. कुसुम)


पिंपरी,
ता. २५ जानेवारी १९५७

चि. दुर्गास आशीर्वाद.

तिथीचे तू लिहिलेस ते वाचून मला स्वतःची लाज वाटली. आईला म्हटले, "आये, आज नवमी. भांगाचं पाणी." तिने एकदम वर बघितले. कितीतरी दिवसांनी तिने माझ्याकडे नीट बघितले.

पण नदीचे तू म्हणतेस तेवढे सोपे नाही. पवना नदी गावाच्या खाली आहे, वसाहतीपासून लांब. मध्ये रेल्वेचे रूळ आहेत, मोठा रस्ता आहे, त्यावरून मुंबईचे ट्रक जातात. काठाला शेवाळलेले दगड आहेत. डोह किती खोल ते इथल्या लोकांनाही ठाऊक नाही. शिवाय इथली जुनी शेतकरी घरे माळकरी, मासळीच्या वासाला नाक धरणारी. उद्या कुणी भांडायला आले तर मी काय बोलू? आपण इथे परगावचे.

तरी अगदीच काही केले नाही असे नको म्हणून मी तिला टांग्याने चिंचवडच्या घाटावर नेले. देवदर्शन झाले, आणि नदीही झाली. घाटाच्या पायऱ्यांशी मासे येतात, लोक त्यांना चुरमुरे टाकतात. केवढे मासे! आई खाली बसली, हात पाण्यात घातला. एक तर तिच्या बोटांना लागून गेला.

"ह्ये कोण धरत नाय?"

"नाही आये. देवाचे आहेत."

ती उठली, हात पदराला पुसला आणि म्हणाली, "देवाचं बघून मी काय करू? चल घरला." टांगा थांबवून ठेवला होता म्हणून बरे.

मारुतरावाकडून दोरी आणि गरी मिळाल्या. गंजू नयेत म्हणून तेलाचे बोट लावून, कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या आहेत. अजून तिला सांगितले नाही. थंडी थोडी कमी होऊ दे, मग बघू. तिला खोकला झाला तर मला निस्तरता येणार नाही.

सोनबा


कातळवाडी,
ता. १ फेब्रुवारी १९५७

ती. दादास नमस्कार.

माळ्यावर मासे नाहीत.

तुला लहानपणापासून न्हाणीतल्या घंगाळाची भीती. बाबा तुला होडीत घ्यायचे तर तू होडी धक्क्याला बांधलेली असतानाच रडायचास. त्याला कुणी तुला कधी नावे ठेवली नाहीत. पण तुझी भीती तू आईच्या अंगावर का घालतोस? ती बुडेल म्हणून तू तिला कोरडी ठेवतोस, आणि कोरड्यावर मासळीचे काय होते ते तुला मी सांगायला नको.

गरी खाली काढ. तिच्या हातात दे. तिथी ती निवडेल, वेळ ती निवडेल. तू नुसता बरोबर जा आणि गप्प बस. गप्प बसणे तुला जमत नसेल तर तोंडात सुपारी धर.

दुर्गा

(सासूबाई रागावलेल्या नाहीत, काळजीत आहेत. कुसुम)


पिंपरी,
ता. १६ फेब्रुवारी १९५७

चि. दुर्गास आशीर्वाद.

तुझे ऐकले. फार वाईट झाले.

गरी हातात दिल्या तेव्हा तिने त्या एकेक करून अंगठ्याच्या नखावर घासून बघितल्या. म्हणाली, "तेल कुणी लावलं? मासा वास घेतो." राखेने घासून सगळे तेल काढले. मग पंचांग बघायला लावले. पुनव निवडली. "पुनवंला भर दुपारी भरती. आपण आधी जाऊन बसू. पाणी फिरलं की टाकू." भाकरी बांधून घेतली. सुमनकडून चिमूटभर हळद मागून घेतली, पाण्यात सोडायला. दुर्गे, रस्त्याने ती माझ्यापुढे चालत होती.

पिंपरीगावाच्या खालच्या अंगाला, बाभळीपाशी, बसायला बरा खडक आहे. तिथे आम्ही बसलो. तिने पाण्यात हळद सोडली, हात जोडले. परसातली गांडुळे करवंटीत भरून आणली होती, त्यातले एक गरीला लावले. दोरी मांडीवर घेतली आणि बसली. मी तू सांगितल्याप्रमाणे तोंडात सुपारी धरली. माझे लक्ष तिच्या पायांकडे. पाय घसरला तर पदर धरायचा की दंड धरायचा, हे मी मनात ठरवत होतो. ऊन डोक्यावर आले. ती बसून. ऊन कलायला लागले. ती बसून. गांडूळ वाळले, तिने दुसरे लावले. शेवटी माझ्याने राहवेना.

"आये, टाक की."

"थांब. पाणी फिरू दे."

मी पुन्हा तोंडात सुपारी धरली. दुर्गे, माझ्याही ध्यानात आले नाही! चाळीस वर्षे मी पाण्याकडे पाठ करून जगलो. ती सांगते तर पाणी फिरत असेल, एवढेच मला वाटले.

गावातली एक म्हातारी चार म्हशी घेऊन धुवायला आली होती. शालनबाई तिचे नाव, जुन्या शेतकरी घरातली, गळ्यात तुळशीची माळ. बराच वेळ आमच्याकडे बघून तिने पाण्यातूनच विचारले, "का वं पाव्हणं, कुनाची वाट बघताय?"

आईने सांगितले, "पाणी फिरायची."

"म्हंजी?"

"आता वर चढतंय ना, त्ये उतराया लागंल. मग."

शालनबाई म्हशीच्या पाठीवर हात मारून हसायला लागली. "अगं म्हातारे, ह्ये पाणी न्हाई फिरत! ह्ये जातं त्ये पुण्याकडं जातं. माघारी येतंय व्हय कुटं?"

आईने पाण्याकडे बघितले. एक वाळकी काडी उचलून पाण्यात टाकली. काडी पुढे गेली. ओढा एकीकडे वाहतो हे तिला ठाऊक आहे, पण इतके रुंद पाणी आणि ते फिरत नाही हे तिला कधी वाटलेच नव्हते. आपल्याकडे रुंद पाणी म्हणजे खाडी. तिने गांडूळ काढून पाण्यात सोडले, दोरी गुंडाळली आणि उठली. भाकरी तशीच परत आली.

कालपासून तिने तिथी विचारली नाही. आज मीच सांगितली. म्हणाली, "हितं तिथीला काय करायचं?"

तू ये आणि तिला घेऊन जा. मी हरलो. निदान तिथे पाणी तिच्या ओळखीचे आहे.

सोनबा


कातळवाडी,
ता. २१ फेब्रुवारी १९५७

ती. दादास नमस्कार.

तुझा दोष नाही. मलाही सुचले नाही. मी तरी जन्मात नदी कुठे बघितली? तिथी विचारते हे मला कळले, त्याचा तोरा मिरवला आणि आईला त्या बाईपुढे हसू करून ठेवले.

मी दहा मार्चला निघते. घराची कौले फिरवून घेतली आहेत. रोज सकाळ-संध्याकाळ मी तिच्याकडे जाऊन येईन. खाडीवर जाताना कुसुम तिच्याबरोबर जाईल. तोवर तिला अर्धी तर अर्धी, भाकरी खायला घाल.

दुर्गा

(मला पोहता येते, मामा. काळजी नसावी. कुसुम)


पिंपरी,
ता. २७ फेब्रुवारी १९५७

चि. दुर्गास आशीर्वाद.

परवा माझ्या तोंडचे पाणी पळाले. सगळे क्रमाने लिहितो, म्हणजे तू घाबरणार नाहीस. आई सुखरूप आहे. हे आधीच लिहून ठेवतो.

मी रेशनच्या दुकानाला गेलो होतो. परत आलो तर मागचे दार उघडे, आई नाही. सुमन शेजारी शेवया वळायला गेलेली. मी आधी रुळांकडे धावलो. का, ते विचारू नकोस. माणसाच्या मनात वाईटच आधी येते. तिथे पॉइंट्समन म्हणाला, म्हातारी मघाशीच फाटक ओलांडून गेली, बरोबर एक बाई होती आणि दोघी बोलत होत्या. मग मी नदीकडे धावलो. पायातली एक चप्पल कुठे गेली ते अजून सापडलेले नाही.

नदीत चार म्हशी. म्हशींच्या पलीकडे, गुडघाभर पाण्यात, लुगडे खोचून आई. हातात दोरी.

मी काठावरून जेवढा आवाज होता तेवढा लावला, "आये! बाहेर ये! आये!"

तिने मान न वळवता सांगितले, "वरडू नको. मासा पळंल."

आणि शालनबाई म्हणाली, "कोन हाय गं त्यो?"

"माजा ल्योक."

"एवढा म्हातारा?"

आता कसे झाले ते ऐक. ही शालनबाई आमच्या वसाहतीत दुधाचा रतीब घालते. त्या दिवशी हसली त्याचे तिला वाईट वाटत होते. परवा दूध घालताना तिने आईला मागच्या दारात बसलेली बघितली. म्हणाली, "म्हातारे, माज्यावर रुसली व्हय? चल, म्हशी घेऊन जाती, बसशील काठावर." आई म्हणाली, "थांब, मी दोरी घेती." म्हणजे माझ्यामागे आईचा विचार चाललेला होता आणि मला पत्ता नाही.

घरी आल्यावर तिने मला सांगितले. तिच्याच शब्दांत लिहितो. "त्या दिशी तू माझ्या पायाकडं बघत व्हतास, मी पाण्याकडं. म्हशी उतरल्या नि गाळ उठला. गाळ उठला तसा बारीक मासा आला, किडं-शेण खायाला. त्येच्या मागनं मोठा. म्हशी भाईर गेल्या, पाणी निवळलं, मासा गेला. मी घरी येऊन त्येचाच इचार करत व्हती. हितं पाणी नाय फिरत, सोनबा. हितं म्हशी फिरतात."

म्हशी पाण्यात शिरल्या की ती थोडी खालच्या अंगाला उभी राहते, गढूळ पाणी जिथे स्वच्छ पाण्याला मिळते तिथे, आणि बरोबर त्या रेघेवर गरी सोडते. दोन मासे मिळाले. एक इथल्या नदीतला होता, तो तिला ओळखू आला नाही. दुसरा हाताला लागताच तिने काटा लागू न देता चिमटीत धरला, मिशा बघितल्या आणि इतकी हसली! "अरं, ह्यो तर आपल्या खाडीचा शिंगाला! गोड्या पाण्यात येऊन रोडावला." घरातला कुणी परगावी भेटावा तशी त्याच्याशी बोलत होती.

शालनबाई माळकरी. मी घाबरत तिला म्हटले, "बाई, तुम्हाला चालते ना?" ती म्हणाली, "मी माजी म्हस धुती. माज्या पाठीमागं काय चाललंय त्ये इठ्ठलाला ठावं, मला न्हाई." आणि खरेच, गरीला ओढ बसली की ती पाठ करून उभी राहते. फक्त घाटाकडे वर जायचे नाही, बाभळीच्या खालीच राहायचे, असे तिने बजावले आहे. आई म्हणाली, देवाचे मासे मला नकोतच.

घरी आल्यावर तिने दोन भाकऱ्या खाल्ल्या. सुमनने तिसरी विचारली तर म्हणाली, "आता अर्धी दे."

कालपासून मी तिच्या कमरेला दोर बांधतो आणि दुसरे टोक बाभळीला. शालनबाई म्हणते, "म्हशी बी आमी मोकळ्या सोडतो, न् तुमी आयला दावं लावलं?" म्हणू दे. माझ्या जिवाला बरे वाटते.

तू दहाला निघणार का, ते आता मला ठरवता येत नाही. आईने शिमग्याचे नाव काढलेले नाही. मी विचारायला भितो.

सोनबा


कातळवाडी,
ता. ३ मार्च १९५७

ती. दादास नमस्कार.

तुझे पत्र कुसुमने दोनदा वाचून दाखवले. वाडीत सगळ्यांना सांगितले. तरीवाला म्हणाला, म्हातारी म्हशींच्या भरतीवर गरवते, आता ती डोंगरावरही मासा काढील. त्या शालनबाईला माझा नमस्कार सांग.

आईला तिथे गोडी लागली, फार चांगले झाले. हेच तर हवे होते आपल्याला. तिचे दावे मात्र सोड. दोर पायात अडकून पडली तर त्याला तूच कारण होशील.

पण शिमग्याचे तिला विचार. भिऊ नकोस, विचार. तिला यायचे असेल तर मी दहाला निघते. यायचे नसेल तर तसे लिही. मी तिच्यासाठी खोळंबून राहिलेली नाही. मला इथे कामे पुष्कळ आहेत. पालखी दारावरून जाईल, आणखी काय? कुलूपबंद घरे वाडीत आता पुष्कळ आहेत.

दुर्गा

(मामा, हे मी माझ्या मनाने लिहिते, सासूबाईंना ठाऊक नाही. त्यांनी आजींचे घर सारवून घेतले आहे. रोज तिन्हीसांजेला जाऊन तिथे दिवा लावतात आणि उंबऱ्यावर थोडा वेळ बसून येतात. आजी येणार म्हणून माडाखालची चूलही नवी घातली. आज हे पत्र सांगून झाल्यावर त्या जेवल्या नाहीत. कुसुम)


पिंपरी,
ता. ७ मार्च १९५७

चि. दुर्गास आशीर्वाद.

माझी एक चूक झाली. कुसुमला रागावू नकोस. तुझे पत्र मी आईला मोठ्याने वाचून दाखवत होतो. मी तिसरी शिकलेला, अक्षर लावत लावत वाचतो, पुढे काय लिहिले आहे ते मला तोंडातून बाहेर पडल्यावरच कळते. कुसुमचे शेवटचे लिहिलेलेही तसेच वाचून गेलो. वाचून झाल्यावर जीभ चावली. आईने ताटातली भाकरी मोडून हातात धरली होती, ती तिने खाल्ली, पण सावकाश.

दुसऱ्या दिवशी नदीवर गेलो. दोर मी नेला होता, पण बांधला नाही. हातात धरून बसलो. म्हशी उतरल्या, गाळ उठला, आणि आईने गरी सोडलीच नाही. शालनबाईने विचारले, "आज का गं? कुनाची वाट?" आई म्हणाली, "लेकीची."

मग काठावर येऊन माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "सोनबा, मी सांगते तसं लिही. तुजं काय घालू नको त्यात." ती सांगते तसे लिहितो.

"दुर्गे, मी शिमग्याला येत नाय. मना हितं पाणी गावलंय. आता ह्या वयात परत दुसरं शोधायची ताकद नाय. पण घराचं दार बंद ठेवायचं नाय. पालखी येईल तवा दार तू उघड. देवीची ओटी तू भर, नारळ तू ठेव. लोकं म्हणतील, लेक दिल्या घरची. म्हणू देत. त्यांना सांग, माझ्या आईनं सांगितलंय. देवी काय मुलगा नि मुलगी बघून दारात येते का? दिवा लावतेस तो लावत जा. मी ऐकलं.

आणि पालखी गेली की इकडं माहेरी ये. लेकीकडं मी भात खात नाय, ह्ये तुला लागतं, मना ठावं हाय. पण आईकडं लेक जेवते. एक महिना राहा. चैतात पाणी आटतं, मासा डोहात गोळा होतो, असं शालन सांगते. दोघी बसू."

इथवर लिहून मी विचारले, "आये, माहेरी म्हणजे इथेच ना? आपल्या खोलीत?"

"मग काय तर."

"पण ते घर यशवंताचे. कारखान्याचे."

"असू दे. घर माझं. तू नि यशवंत माझ्यात ऱ्हाताव." आणि शालनबाईला हाक मारून म्हणाली, "पोरीला आणते गं माझ्या. तिला तुझं दूध लागंल, पाणी घालू नको." शालनबाई म्हणाली, "तुज्या माशागत माजं दूध न्हाई, त्याला पानी लागत न्हाई." दोघी हसत होत्या. मला वाटले, हे तुला सांगितलेच पाहिजे.

तेव्हा पालखी झाली की ये. कुसुमलाही आण, तिला पोहता येते तेवढे बरे. घाटात पुढच्या बाकावर बस, मागे बसलीस तर मळमळेल. पुण्याच्या स्टँडवर मी येतो. गाडी लवकर आली आणि मी दिसलो नाही तर जागेवरून हलू नकोस आणि घाबरू नकोस. मी तिथेच कुठेतरी घाबरून तुला शोधत असेन.

सोनबा